एका शब्दाचा निकाल आणि दोन पातेली खीर

शिवदास रामटेके अमेरिकेला कधी गेलेला नाही. कोर्टाची पायरीही त्यानं कधी चढलेली नाही. इतकंच काय, सिंगापुरात अठ्ठावीस वर्षं काढून भलत्या जागी रस्ता ओलांडल्याचा दंडसुद्धा त्याला झालेला नाही, यावरून माणूस किती पुळचट ते ओळखा. पण वॉशिंग्टनच्या फेडरल अपील कोर्टानं काल कोणाला बुडवलं आणि कोणाला तारलं, हे सिंगापूरच्या तोआ पायोह वस्तीत एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि तुम्ही विचारलं नाही तरी तो सांगतो.

बिचाऱ्याचं पोटच त्यावर आहे. अमेरिकेत कोणी नवीन यंत्र काढलं की त्याचं पेटंट घेतो, दुसरा ते यंत्र उचलतो, मग दोघं भांडतात. खाली जो हरतो तो वर या अपील कोर्टात जातो. तिथले निकाल तिकडच्या दिवसा लागतात. तेव्हा इकडे शिवदास घोरत असतो. सकाळी उठून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दांडीला लटकून तो ते फोनवर वाचतो आणि तांजोंग पगारच्या एका लहानशा फर्ममध्ये बसून साडेनऊच्या आत प्रत्येक निकालाचा अर्ध्या पानाचा सारांश जपान-कोरियातल्या गिऱ्हाइकांना धाडतो. घडीच्या बाबागाडीचं बिजागर कोणाचं, टूथब्रशच्या मुठीतला बाक आधी कोणी काढला, असल्या प्रश्नांवर तीन-तीन न्यायमूर्तींनी चाळीस-चाळीस पानं लिहिलेली असतात. सतरा वर्षं शिवदास ती वाचतोय.

त्याआधी तो चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होता. नागपूरच्या इंदोऱ्यातून थेट क्लीनरूममध्ये आलेला, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात. मंदी आली आणि कारखान्यानं एका दुपारी दोनशे माणसं घरी पाठवली, त्यात हाही होता. मुलगी राणी तेव्हा दोन वर्षांची. बायको रुपाली बालवाडीत शिकवायची, तिच्या पगारावर सहा महिने निघाले, आणि मग हे पेटंटचे कागद वाचायचं काम मिळालं. रुपाली म्हणते, नोकरी गेली ती परत आली, पण तिच्यासोबत घरात जो न्यायाधीश शिरला तो काही बाहेर पडायला तयार नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, त्यातली गत. अपील कोर्ट नवा पुरावा ऐकत नाही. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं तेवढंच वाचतं. खाली जो मुद्दा मांडला नाही तो वर मांडता येत नाही, मेला तो मुद्दा. शिवदासला हे इतकं पटलं की त्यानं ते घरात लागू केलं. राणी शाळेत असताना सहलीला जायचं म्हणून आईकडे हट्ट करायची, आई नाही म्हणाली की बापाकडे यायची. बाप विचारायचा, आईला हे कारण सांगितलं होतंस का? नाही? मग आता सांगू नकोस. पोर रडायची आणि हा चष्मा पुसायचा.

त्याहून त्याच्या जिवाची आवडती गोष्ट म्हणजे एका शब्दाचा निकाल. या कोर्टाला वाटलं की खालच्यांनी बरोबरच केलंय, तर ते कारणबिरण न देता नुसतं 'कायम' एवढंच लिहून मोकळं होऊ शकतं. वर्षानुवर्षं लढलेलं भांडण, वकिलांच्या दोन पिढ्या पोसलेल्या, आणि शेवटी एक शब्द. शिवदासच्या मते मनुष्यजातीनं काढलेल्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत देखणी. त्याचं पेटंट कोणी घेतलं नाही याचंच त्याला नवल.

असा माणूस चारचौघांत बसला की चारचौघं त्याच्याकडे भांडणं घेऊन येणारच. करोनाच्या दिवसांत दोन घरांमध्ये एका कॅरम बोर्डावरून बोलणं बंद झालं होतं, ते शिवदासनं दोन्हीकडचे व्हॉट्सॲप निरोप वाचून मिटवलं. तिथून सवय लागली. शनिवारी सकाळी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कोपऱ्यातलं एक गोल टेबल म्हणजे त्याचं अपील कोर्ट. तीन न्यायमूर्ती हवेत, म्हणून शेजारच्या ब्लॉकमधले निशिकांत हे दुसरे. पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि जिभेला हाड नसलेले. तिसऱ्या खुर्चीवर जागा धरायला ठेवलेलं टिश्यूचं पाकीट असायचं. निशिकांत सांगायचे की तिघांत तेच सर्वांत शहाणं, कारण ते दोन्ही बाजूंचं ऐकून घेतं आणि तोंड उघडत नाही.

हे सगळं गमतीत चाललं होतं, गंमत संपली ती खिरीपाशी.

सिंगापुरातली नागपूर-विदर्भाकडची बौद्ध मंडळी वैशाख पौर्णिमेला, म्हणजे इथल्या वेसाक डेच्या सुट्टीला, एक हॉल घेऊन जमतात. वंदना होते, मुलांची गाणी होतात, कोणीतरी लांबलचक बोलतो, आणि मग सगळे ज्याची वाट बघत असतात ती खीर येते. सुजातेनं बुद्धाला दिली होती, म्हणून खीर. गेली नऊ वर्षं ती शांताबाई करत आल्या. शांताबाई म्हणजे उत्तरेकडच्या यिशुन वस्तीत राहणाऱ्या उज्ज्वलची आई. वय शहात्तर, उंची पाच फुटांच्या आत, कपाळ मोकळं, आणि पातेल्याशी उभ्या राहिल्या की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही असा नियम. यिशुनच्या फ्लॅटमध्ये पहाटेपासून दोन मोठ्या पातेल्यांत तांदूळ आणि दूध आटवायचं, झाकणं फडक्यानं बांधायची आणि टॅक्सीनं हॉलवर आणायची, ही त्यांची पद्धत.

गेल्या वर्षी एक फडकं सुटलं. टॅक्सीच्या मागच्या सीटवर वाटीभर खीर सांडली, ड्रायव्हर अंकल संतापले, उज्ज्वलनं माफी मागत ओल्या रुमालानं सीट पुसली. एवढंच झालं. पण एवढंच ज्याला 'घटना' वाटतं असा माणूस या मंडळींच्या मंडळाचा अध्यक्ष होता. रत्नदीप. चोआ चू कांगला कोंडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहतो, कारखान्यात प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आणि लग्नाला जाताना आहेराच्या पाकिटावरही आवृत्ती क्रमांक घालेल असा. त्यानं उत्सव समितीच्या बैठकीत भिंतीवर स्लाइडी दाखवल्या. पहिल्या स्लाइडीचं नाव 'खीर : जोखीम आणि पर्याय'. पर्याय एकच होता, केटररची खीर, दीडशे बंद कप, प्रत्येकाला लाकडी चमचा चिकटवलेला. अकरा जणांनी हात वर केले.

शांताबाई त्या खोलीतच होत्या. मागच्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून. नऊ वर्षं जिनं खीर केली तिला विचारावं असं अकरांतल्या एकालाही सुचलं नाही, आणि विचारल्याशिवाय बैठकीत बोलायची त्यांना सवय नव्हती. शिवदास त्या बैठकीला नव्हता. वरच्या न्यायाधीशानं खालच्या कोर्टात बसू नये, असं त्यानंच ठरवून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्या एकट्याच एमआरटीनं तोआ पायोहला आल्या. रुपालीनं दार उघडलं, पाया पडली, पाणी दिलं. शांताबाईंनी पिशवीतून ज्वारीच्या पापड्यांचा डबा काढून तिच्या हातात दिला आणि तिला चहाच्या निमित्तानं आत पाठवलं. मग शिवदासच्या समोर बसल्या. रत्नदीपच्या बैठकीत काय झालं ते सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता, जणू बाजारात मेथी नव्हती असं सांगावं तसं. म्हणाल्या, यंदा खीर त्यांनाच करायची आहे.

शिवदासनं खिशातून पेन काढलं. कारण विचारलं.

"मी जूनात परत चालली नागपूरले," शांताबाई म्हणाल्या. "मोठ्या लेकाकडं. आता येणं नाही होणार, गुडघे गेले. हे शेवटचं वेसाक. लोकांनी हार घालावे, फोटो काढावे, असलं नको मले. फक्त खीर करू दे."

कोणीही माणूस असता तर तिथल्या तिथे उठला असता, रत्नदीपला फोन लावला असता आणि पाच मिनिटांत विषय संपला असता. पण शिवदासच्या मनात तेव्हा दुसराच प्रश्न उभा राहिला.

"मावशी, हे तुम्ही बैठकीत सांगितलंत?"

"नाही. काहून सांगू? मले कोणी विचारलं?"

"मग आता मला ते ऐकता येत नाही," शिवदास म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा स्वर इतका मऊ होता की त्याला स्वतःलाच आपण फार दयाळू आहोत असं वाटलं. "खाली न मांडलेला मुद्दा वर घेता येत नाही. नियमच आहे तो."

शांताबाईंनी पर्स उचलली. चहा आला होता, तो त्यांनी उभ्यानंच प्यायला, रुपालीच्या पाठीवरून हात फिरवला आणि लिफ्टकडे गेल्या.

स्वयंपाकघराला दार होतं, पण ते उघडं होतं. रुपालीनं सगळं ऐकलं होतं. आता हे सांगायला हवं की राणी झाली तेव्हा रुपालीच्या आईला व्हिसा वेळेत मिळाला नव्हता. शांताबाई त्या वेळी उज्ज्वलकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. ना नात्याच्या ना गोत्याच्या, पण यिशुनहून रोज बसनं यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, रुपालीला डिंकाचा लाडू समोर बसून संपवायला लावायच्या. असे चाळीस दिवस. रुपाली इतकंच म्हणाली की अहो, बघा हं. शिवदासनं ऐकलं नाही. त्याच्या मनात तो एक शब्द चमकत होता. रत्नदीपनं यंदा वेसाकचं मुख्य भाषण त्याला द्यायचं कबूल केलं होतं, विषय 'न्याय', हेही त्याच सुमाराचं; पण त्याचा याच्याशी संबंध नव्हता असं शिवदास आजही शपथेवर सांगतो.

त्यानं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'खिरीबाबत समितीचा निर्णय : कायम.' खाली रत्नदीपचा अंगठा आला. मग अकरा अंगठे. उज्ज्वलनं काहीच टाकलं नाही, आणि शांताबाईंच्या फोनवर व्हॉट्सॲप नव्हतंच.

दुसऱ्या दिवसापासून शिवदासच्या घरी न्यायाचं राज्य सुरू झालं.

सकाळी त्यानं विचारलं, डब्यात काय दिलंय. रुपाली म्हणाली, काही नाही. का? ती म्हणाली, कारण देण्याची पद्धत नाही. संध्याकाळी त्यानं निळा शर्ट इस्त्रीचा का नाही विचारलं, तर इस्त्रीचा मुद्दा काल मांडला नव्हता म्हणे. एसीचा रिमोट, मच्छी, रविवारचा सिनेमा, प्रत्येक अर्जावर एकच शब्द यायचा, आणि तोही पाठमोरी असताना. राणी आता एकोणीस वर्षांची, पॉलिटेक्निकला जाणारी. ती लहानपणीची सहल विसरली नव्हती. ती सोफ्यावरून तोच शब्द इंग्रजीत फेकायची, "अफर्म्ड, पा. कॅन्नॉट अपील, लाह."

शनिवारी हॉकर सेंटरमध्येही सुटका नव्हती. निशिकांतांनी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप खाली ठेवून जाहीर केलं की खिरीच्या खटल्यात त्यांना विचारलंच गेलं नाही, म्हणून ते या पीठाचा राजीनामा देत आहेत. आणि टिश्यूच्या पाकिटानं भिन्नमत नोंदवलं असून ते सतरा पानांचं आहे.

"म्हातारीनं काय मागितलं होतं हो, मिलॉर्ड?" त्यांनी विचारलं. "जामीन?"

शिवदासनं उपाशीपोटी नारळाच्या जॅमचे दोन काया टोस्ट मागवले आणि दोन्ही खाल्ले.

मंगळवारी सकाळी एमआरटीत त्याच्या फोनवर एक निकाल आला. कोळंबी सोलायच्या यंत्राचं पेटंट. पेटंट ऑफिसातल्या खालच्या पीठानं ते रद्द केलं होतं, आणि अपील कोर्टानं प्रकरण परत खाली पाठवलं होतं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं : तुम्ही का ठरवलंत ते लिहिलं नाहीत, आणि समोरचा एक महत्त्वाचा कागद तुम्ही वाचल्याची खूणही दिसत नाही, आम्ही काय तपासायचं, तुमचं कपाळ? कपाळ हा शब्द शिवदासचा, कोर्टाची भाषा सभ्य होती. आता हेच कोर्ट स्वतः मनात आलं तर एका शब्दात मोकळं होतं आणि खालच्यांकडून मात्र कारणं मागतं. पण सासूला जे चालतं ते सुनेला चालत नाही, हे वॉशिंग्टनलाही लागू आहे. शिवदासनं साडेनऊच्या आत सारांश लिहिला. शेवटचं वाक्य त्यानं नेहमीप्रमाणे ठळक केलं : नोंद न वाचता दिलेला निकाल टिकत नाही.

गिऱ्हाइकांना तो धाडला आणि मग तेच वाक्य त्यानं पुन्हा एकदा वाचलं. खिरीच्या प्रकरणातली नोंद त्यानं वाचली होती का? त्यानं रत्नदीपच्या स्लाइडी वाचल्या होत्या. मंडळाची जुनी इतिवृत्तं वाचली नव्हती. लांब जायचंही नव्हतं, ती तर त्याच्याच स्टोअररूममध्ये होती. मंडळ सुरू झालं तेव्हा पहिली चार वर्षं सचिव तोच होता.

संध्याकाळी घरी येऊन तो स्टोअररूममध्ये शिरला. आपलं बरोबरच आहे हे रुपालीसमोर कागदानिशी सिद्ध करायचं, म्हणजे निदान डबा तरी सुरू होईल, असा त्याचा हिशेब. सूटकेसा, राणीची जुनी सायकल, तांदळाची पिशवी, आणि त्यामागे निळी फाइल. नऊ वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधलं पान सापडलं. अक्षर ओळखीचं होतं. इतकं वळणदार, इतकं आत्मप्रौढ अक्षर सिंगापुरात दुसऱ्या कोणाचं नाही.

'ठराव ४. वैशाख पौर्णिमेची खीर शांताबाई करतील. त्या स्वतः नाही म्हणेपर्यंत हे काम कोणीही त्यांच्याकडून काढून घेऊ नये, आणि त्यांच्यानंतर कोणी करायची हेही त्याच ठरवतील. सर्वानुमते मंजूर. सचिव, शि. रा. रामटेके.'

त्याला सगळं आठवलं. त्या वर्षी खीर कोणी करायची यावरून तीन घरांत जुंपली होती, आणि ती मिटवायला ही भाषा त्यानंच शोधून काढली होती. तेव्हा त्याला त्या 'कोणीही' या शब्दाचा किती अभिमान वाटला होता. शिवदास तांदळाच्या पिशवीवर बसला.

आता खरं सांगायचं तर पुढची दोन मिनिटं त्याच्या डोक्यात काय आलं ते सांगण्यासारखं नाही. पण सांगायला हवं. पान एकच होतं. दुसरी प्रत कोणाकडे नव्हती. फाइलच्या टाचण्या गंजलेल्या होत्या, कागद अलगद निघाला असता. त्यानं पानाच्या कोपऱ्याला हात लावला एवढं नक्की. त्याच वेळी राणी चार्जर शोधत दारात आली. तिनं बापाच्या खांद्यावरून वाचलं. मराठी ती हळू वाचते, त्यामुळे तिला वाचायला लागला तेवढा वेळ शिवदासला जन्मठेपेसारखा वाटला.

"पा," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "धिस वन यू रोट, व्हॉट. नाउ हाउ?"

कोपऱ्यावरचा हात त्यानं काढला. रुपालीला हाक मारली आणि पान तिच्या हातात दिलं. रुपालीनं वाचलं, परत दिलं, आणि त्या रात्री ताटात मच्छी होती. बोलली मात्र नाही. तिच्या मते प्रकरण अजून प्रलंबित होतं.

वेसाकच्या आधीची शेवटची बैठक शनिवारी रत्नदीपच्या कोंडोच्या फंक्शन रूममध्ये होती. शिवदास वरचा न्यायाधीश असूनही या खेपेला खाली जाऊन बसला, हातात निळी फाइल. पलीकडे उज्ज्वल आणि त्याच्या बाजूला शांताबाई, मांडीवर पर्स; मागच्या रांगेत रुपाली. रत्नदीपनं 'खीर : सद्यस्थिती' नावाची स्लाइड लावली, तेव्हा शिवदास उभा राहिला.

अशा प्रसंगी माणसं आढेवेढे घेतात. शिवदासनंही घेतले, अपील कोर्टात फेरविचाराचा अर्ज कसा करतात, मोठं पीठ केव्हा बसतं, हे त्यानं चार मिनिटं सांगितलं, आणि आणखी सांगितलं असतं, पण रुपालीनं मागून खुर्ची सरकवल्याचा आवाज केला. मग त्यानं ठराव चार वाचून दाखवला. सचिवाच्या नावासकट. वाचून झाल्यावर म्हणाला, "मी नोंद वाचली नव्हती. नोंद मीच लिहिली होती. मावशी माझ्या घरी आल्या, त्यांनी कारण सांगितलं, ते मी ऐकलं नाही. निकाल चुकला. रद्द."

रत्नदीप माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या स्लाइडी तयार होत्या. त्यानं विचारलं की केटररला कळवून झालंय त्याचं काय, आणि टॅक्सीत सांडण्याची जोखीम तशीच आहे तिचं काय. दोन-तीन माना हलल्या. कोळंबीच्या निकालात टॅक्सीबद्दल काही नव्हतं.

तेव्हा शांताबाई बोलल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि बसूनच.

"केटररले पुरी-भाजी सांग," त्या रत्नदीपला म्हणाल्या. "मागच्या वर्षी पोरं खिरीनंतर भुकेलीच होती. आणि पातेलं टॅक्सीत मांडीवर धरून बसायले एक माणूस देते मी. तो सांडू देणार नाही, त्याची इज्जत आहे त्यात." इथे त्यांनी शिवदासकडे पाहिलं. मग फाइलकडे बोट केलं. "त्यात अजून काय लिहिलंय? माझ्यानंतर कोणी करायची, ते कोण ठरवंल?"

"तुम्ही, मावशी."

"मग लिहून घ्या. मी जूनात चालली नागपूरले. पुढच्या सालापासून खीर शिवदास करंल."

आधी मागून रुपाली हसली, आणि ती हसली म्हणून सगळे. शिवदासला गॅस पेटवता येतो, पण तेवढंच. चहासुद्धा तो पिशवीचा करतो. त्यानं हात वर केला. म्हणाला की मावशी, मला स्वयंपाक येत नाही, माझ्या हातून हे व्हायचं नाही, पाहिजे तर...

"हे तू नऊ सालांआधी सांगायचं होतं," शांताबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर ठराव झाला तेव्हा. तेव्हा बोलला नाहीस. मले नाही ऐकता येत आता."

रत्नदीपनं इतिवृत्तात नोंद घेतली. अकरा हात वर आले. बारावा उज्ज्वलचा होता, तो दोन्ही हात वर करून बसला होता.

वेसाकच्या पहाटे शिवदास यिशुनला हजर होता, कंबरेला उज्ज्वलच्या बायकोचा फुलाफुलांचा एप्रन. शांताबाई पातेल्याशेजारी स्टुलावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. तांदूळ किती वेळ भिजवायचा हे त्यांनी एकदा सांगितलं. दूध ढवळताना उलथणं तळापर्यंत न्यायचं हे सहा वेळा सांगितलं. सातव्या वेळी सांगितलं नाही, नुसता त्याच्या दंडावर चिमटा काढला. मधेच त्यानं विचारलं की नागपूरला मोठ्या भाऊंकडे गॅस आहे का इंडक्शन. त्या म्हणाल्या, तू पातेल्यात बघ. आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणाल्या, इंडक्शन आहे, त्यावर दूध नीट आटत नाही.

टॅक्सीत एक पातेलं उज्ज्वलच्या मांडीवर आणि एक शिवदासच्या. यिशुनपासून हॉलपर्यंत त्यानं मान वळवली नाही. ड्रायव्हर अंकलनं आरशातून विचारलं की आत काय आहे, तर शांताबाईंनी पुढच्या सीटवरून हिंदीत सांगितलं की कोर्ट का माल है, संभालके चलाओ. अंकलना हिंदी येत नव्हती. पण गाडी त्यांनी हळू चालवली.

'न्याय' या विषयावरचं भाषण रत्नदीपनं कार्यक्रमातून काढलं होतं. कारण दिलं नाही. शिवदासनंही मागितलं नाही.

निशिकांतांना दरवर्षी आमंत्रण असतं. त्यांनी एक वाटी संपवली, दुसरी अर्धी केली आणि मग जिभेवर काहीतरी घोळवत शिवदासला गाठलं. म्हणाले, मिलॉर्ड, एका पातेल्याची खीर तळाला लागली आहे. आता हा काय बोलतो, याकडे शांताबाईंचंही लक्ष होतं; हातातला डाव तसाच धरून त्या थांबल्या होत्या.

शिवदासनं एप्रन काढला, घडी केली, खुर्ची ओढून बसला, आणि खीर का लागली याची कारणं द्यायला सुरुवात केली. दुधाची पहिली उकळी, आचेचा दोष, उलथण्याच्या दांड्याची लांबी, चिमटा बसला त्या क्षणी चाललेलं ढवळणं, हे सगळं क्रमवार, कशालाही फाटा न देता. अर्ध्या तासानं निशिकांतांनी हात जोडले आणि म्हणाले की एका शब्दात सांगितलं असतं तरी चाललं असतं. शिवदास थांबला नाही. तो दुसऱ्या पातेल्यापर्यंत आला होता, जे लागलं नव्हतं, आणि ते का लागलं नाही तेही नोंदवायचं राहिलं होतं. शांताबाईंनी त्याच्या वाटीत लागलेल्या पातेल्यातला डाव वाढला, तळ खरवडून.